कोजागिरीचं मसाला दूध: पहिल्यांदाच घरी आटवणाऱ्यांसाठी

कोजागिरी जवळ आली की बेळगावात रविवार पेठेपासून खडेबाजारापर्यंत किराणा दुकानांच्या दर्शनी फळीवर मसाला दुधाची पाकिटं येतात. गरम दुधात चमचाभर पूड घाला, ढवळा, प्या. घाईच्या घरात तेवढंही पुष्कळ असतं, आणि त्याला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. पण ज्यांना यंदा पहिल्यांदाच पातेलं गॅसवर चढवायचं आहे, त्यांनी एक गोष्ट आधी मनात पक्की करावी: या दुधाची चव मसाल्यात कमी आणि आटवण्यात जास्त असते. दाटपणा, मंद गोडी, ओठाला लागणारी साय, हे सगळं पाऊण तास पातेल्यापाशी उभं राहून मिळतं. मसाल्याचं काम शेवटच्या दहा मिनिटांचं.

आपल्या सीमाभागात आश्विनातली ही पौर्णिमा दोन नावांनी येते. मराठी घरात कोजागिरी, कानडी शेजाऱ्यांकडे शीगी हुण्णिमे. त्यांचा दिवस शेतात जातो: उभ्या पिकाची पूजा, भूमीला नैवेद्य, मग रानातच जेवण. आपली रात्र गच्चीवर जाते. निपाणी-चिकोडीकडे किंवा खानापूर भागात कितीतरी घरांत दोन्ही होतं. दुपारी रानात जेवलेली माणसं रात्री दुधाला बसतात. पोटं आधीच भरलेली असतात, म्हणून दुधाचा अंदाज करताना हात आखडता घेतला तरी चालतो. माणशी दीडशे मिलिलिटर पुरे होतं.

खालचं माप दोन लिटर दुधाचं आहे. आटून त्याचं दीड लिटर होतं आणि दहा जणांना पुरतं.

म्हशीचं दूध २ लिटर, साखर १२५ ते १५० ग्रॅम, बदाम ३०, बिनमिठाचे पिस्ते २५, काजू १५, चारोळी एक मोठा चमचा, वेलदोडे १२, केशराच्या २५-३० काड्या, आणि पाव चमचा पूड निघेल एवढं जायफळ.

दूध कुठलं घ्यायचं

पहिली निवड म्हशीच्या दुधाची. गायीच्या दुधात स्निग्धांश साधारण साडेतीन-चार टक्के असतो, म्हशीच्या दुधात सहा-सात. त्यामुळे म्हशीचं दूध थोडं आटलं तरी दाट लागतं. बेळगावच्या आसपासच्या गावांतून शहरात अजून घरोघरी रतीब येतो, आणि म्हशीचं निरसं दूध मिळणं ही इथली मोठी सोय आहे. फक्त त्या दिवशी सगळ्या गल्लीला जास्तीचं दूध हवं असतं. आमचा गवळी दरवर्षी आधीच बजावतो, "काकू, दोन दिवस आधी सांगा बघा. त्या दिवशी मागितलासा तर मी कुठनं आणू?" त्याचं बरोबर आहे. दोन दिवस आधी सांगा.

निरसं दूध सकाळी आलं की लगेच तापवून ठेवा. रात्री आटवायचंच आहे म्हणून ते दिवसभर तसंच ओट्यावर ठेवलं, तर ऑक्टोबरच्या उन्हात त्याला आंबूस वळण लागतं आणि रात्री नेमक्या वेळी ते फाटतं. सकाळी एक उकळी, गार झालं की फ्रिज. एवढं केलं की रात्रीची काळजी मिटते. वर धरलेली साय काढू नका, ती आपल्याला हवी आहे.

रतीब नसेल तर पिशवीचं दूध चालतं, पण पिशवी वाचून घ्या. नियमाप्रमाणे टोन्ड दुधात ३ टक्के, स्टँडर्डाइज्ड दुधात साडेचार टक्के आणि फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असावा लागतो. नंदिनी असो की दुसरं कुठलं, पिशवीवर तो आकडा छापलेला असतोच. रोजच्या चहाची पिशवी बहुधा टोन्डची असते. तिचं मसाला दूध होतं, पण ते निम्म्यापर्यंत आटवावं लागतं, आणि एवढ्या वेळात दुधाचा रंग आणि वास बासुंदीकडे झुकतो. फुल क्रीम मिळालं तर तेच घ्या.

दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर किंवा कस्टर्ड पावडर लावायचा सल्ला बरेच जण देतात. मी तो देणार नाही. पिठाने दूध दाट दिसतं खरं, पण जिभेवर खळीसारखं चिकटतं आणि गार झालं की आणखीच लिबलिबीत होतं. टोन्ड दुधावरच भागवायचं असेल तर त्यापेक्षा शंभर ग्रॅम ताजा खवा आणा. कुंद्याच्या, म्हणजे आटवलेल्या दुधाच्या मिठाईच्या, या गावात खव्याला तोटा नाही. तो त्याच दिवशीचा असावा, हाताने मोकळा करून वाटीभर कोमट दुधात पूर्ण विरघळवावा आणि मग पातेल्यात सोडावा. थेट टाकलात तर गाठी राहतात. खव्यामुळे आटवण्याची वीसेक मिनिटं वाचतात.

आदल्या दिवशी मसाला

मसाला आदल्या दिवशी करून ठेवा, म्हणजे त्या रात्री हात आणि डोकं फक्त दुधाला देता येतं.

सुक्या मेव्याची खरेदी डोळ्यांपेक्षा नाकाने करा. चारोळी वर्षभर फारशी खपत नाही, त्यामुळे दुकानातली कधी कधी जुनी असते. एक दाणा चावून बघितल्याशिवाय घेऊ नका. खवट चारोळीचा एक चमचा दोन लिटर दुधाची चव घालवतो. काजूची चंदगडची आवक आपल्याला जवळची; तुकडा काजू घेतला तरी चालतो, कारण त्याची आपण पूडच करणार आहोत. पिस्ते खारे नकोत. कवचासकट मिळणारे बहुतेक खारवलेले असतात, म्हणून सोललेले हिरवे पिस्ते मागा.

बदामांतले दहा बाजूला काढून रात्री पाण्यात भिजत घाला; सकाळी सोलून त्यांचे पातळ उभे काप करायचे. पिस्त्यांपैकी दहाचेही काप करा. उरलेले बदाम, पिस्ते आणि काजू कोरडे, अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतून घ्या. रंग बदलायला नको, फक्त ओल जायला हवी. ते पूर्ण गार होऊ द्या. मग साखरेतली दोन चमचे साखर त्यांच्याबरोबर मिक्सरमध्ये घालून थांबून थांबून फिरवा: दोन सेकंद चालू, बंद, हलवा, पुन्हा दोन सेकंद. सलग फिरवलं तर भांडं तापतं, मेव्याला तेल सुटतं आणि पुडीऐवजी गोळा हाती येतो. साखर त्या तेलाला थोडी टिपून घेते, म्हणून ती घालायची. पूड रव्याएवढी जाडसर राहू द्या. फार बारीक केलीत तर ती दुधात विरून जाते आणि दाताखाली काही लागत नाही.

वेलदोडे सालीसकट मेव्यात टाकू नका. दाणे काढा, चिमूटभर साखर घालून खलबत्त्यात कुटा. सालं टाकून द्यायची नाहीत, ती चहाच्या डब्यात घाला. कुटलेले वेलदोडे मेव्याच्या पुडीत मिसळून झाकणाच्या घट्ट डबीत भरा.

जायफळ मात्र अखंडच ठेवा. त्याची पूड करून ठेवली की दोन-तीन दिवसांत तिचा सुगंध निम्मा होतो. त्या रात्री, दूध उतरवायच्या वेळी, बारीक किसणीवर किंवा सहाणेवर चार वळसे. दोन लिटरला पाव चमचा ही कमाल मर्यादा समजा. जायफळ हा हात राखून घालायचा पदार्थ आहे. जास्त झालं तर दूध कडवट लागतं, आणि चमचे-चमचे पोटात गेलं तर मळमळ, चक्कर असा खरा त्रास होतो. लहान मुलांसाठी वेगळं दूध काढणार असाल तर ते जायफळ घालण्याआधीच काढा.

केशराची परीक्षा घरीच होते. दोन काड्या कोमट दुधात टाका. खरं केशर हळूहळू, दहा-पंधरा मिनिटांत पिवळा रंग सोडतं आणि काडी लालच राहते. टाकल्याबरोबर लाल-नारिंगी रंग फुटला आणि काडी पांढरी पडली, तर तो रंगवलेला माल. केशर परवडत नसेल तर बिनकेशराचं दूध करा, काही अडत नाही. हळद घालून रंग आणण्यापेक्षा पांढरं दूध कितीतरी चांगलं.

पाकीटच वापरायचं असेल तर ते उलटं करून घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलं नाव साखरेचं असेल, तर तुम्ही मुख्यतः साखरच विकत घेताय आणि दुधात वेगळी साखर घालताना ते लक्षात ठेवायला हवं.

पातेलं आणि आच

आता मुख्य काम. रात्री नऊच्या सुमाराला सुरुवात करा, सव्वादहापर्यंत दूध तयार होतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो आणि मध्यरात्रीकडे माथ्यावर येतो, तेव्हा नैवेद्याला भरपूर वेळ राहतो.

भांडं जाड बुडाचं आणि पसरट तोंडाचं हवं. आटणं म्हणजे पाण्याची वाफ होऊन जाणं, आणि वाफ जाते ती पृष्ठभागातून. उंच, अरुंद पातेल्यात दुप्पट वेळ लागतो. कलईचं पितळी पातेलं घरात असेल तर ते उत्तम, नसेल तर जाड हिंडालियमची कढई. पातळ स्टीलचं भांडं टाळा, त्यात दूध एका जागी तापतं आणि लागतं. भांडं चार लिटरचं तरी असू द्या. दोन लिटर दूध दोन लिटरच्या पातेल्यात आटवायला घेणं म्हणजे ओटा धुण्याची तयारी करणं.

दूध ओतण्याआधी भांडं पाण्याने विसळा आणि पुसू नका. तळाला राहिलेला पाण्याचा तो पातळ थर दुधाला लगेच बुडाशी चिकटू देत नाही. मग दूध ओता आणि मध्यम आचेवर एक उकळी येऊ द्या. तोपर्यंत अधूनमधून ढवळलं तरी चालतं.

उकळी आली की आच कमी करा. किती कमी, हे शब्दांत सांगायचं तर दुधाच्या कडेने बारीक बुडबुडे सतत येत राहतील आणि मध्यभाग हलता राहील, पण दूध वर चढणार नाही, इतकी. याच वेळी एक सोपी युक्ती करा. स्वच्छ लाकडी उलथन्याचा दांडा दुधात उभा बुडवा, तळाला टेकवा, बाहेर काढा. दूध जिथवर पोचलं तिथे पेन्सिलीने खूण करा आणि त्या उंचीचे चार सारखे भाग पाडा. वरचा एक भाग कोरडा राहायला लागला की आपलं दूध झालं. हा अंदाज नवख्यांना नजरेने येत नाही, कारण पातेल्यात दूध कमी झालंय की नुसती साय खाली बसली आहे, हे कळत नाही. दांड्यावर ते स्वच्छ दिसतं. कढईची बाजू तिरकी असते, तिथे ही खूण थोडी फसवी ठरते. कढईत खुणेखालचा साधारण पाचवा भाग कोरडा झाला की दाटपणा बघायला सुरुवात करा.

आता ढवळणं. यात दोन जागा सांभाळायच्या असतात, वरची आणि खालची. वर साय धरते: तापलेल्या दुधाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडतं आणि प्रथिनं व स्निग्धांश मिळून पापुद्रा तयार होतो. खाली प्रथिनं तळाशी बसतात आणि उष्णतेने चिकटतात. गोल गोल ढवळणारा माणूस मधल्या दुधाला फिरवत राहतो आणि या दोन्ही जागा तशाच राहतात. म्हणून सपाट टोकाचं उलथनं घ्या आणि दर दोन मिनिटांनी तळ या कडेपासून त्या कडेपर्यंत, शेत नांगरल्यासारखा, पट्ट्यापट्ट्याने खरवडत जा. उलथनं तळावरून गुळगुळीत सरकलं पाहिजे. कुठे थोडं खरखरलं की तिथे थर बसायला लागला आहे. आच आणखी कमी करा आणि त्या जागी दोनदा फिरवा.

कडेला चिकटलेली साय दर वेळी उलथन्याने सोडवून दुधात परत ढकला. बासुंदीत ती कडेला साठू देतात, जाड पापुद्रे हवे असतात म्हणून. आपल्याला प्यायचं दूध करायचं आहे, तेव्हा साय मोडून दुधातच गेली पाहिजे. एखादा पापुद्रा पेल्यात आला तर येऊ दे, पण जाड तुकडे नकोत.

किती आटवायचं यावर घरोघरी वाद असतात. माझं मत पाऊण भागावर थांबावं. निम्मं आटलं की ती बासुंदी, ती पुरीबरोबर वाटीत शोभते. त्याच्याही पुढे, साखर घालून दूध तपकिरी आणि रवाळ होईपर्यंत आटवत राहिलात की कुंद्याच्या वाटेला लागलात. मसाला दूध पेल्यातून घोटाघोटाने प्यायचं असतं आणि रात्रीच्या जेवणावर प्यायचं असतं. ते फार जड झालं की माणसं अर्धा पेला ठेवून देतात.

दोन लिटरला मंद आचेवर साधारण चाळीस ते पन्नास मिनिटं लागतात. या वेळेत गॅससमोरून हलू नका. दाराची बेल वाजली तर आच बंद करून जा. मध्ये पाच मिनिटं थांबलेलं दूध पुन्हा तापवलं तर काही बिघडत नाही.

साखर, केशर, मसाला: क्रम चुकवू नका

दूध पाऊण भागावर येण्याच्या दहा मिनिटं आधी, वाटीभर गरम दूध काढून त्यात केशर भिजत घाला. केशराचा रंग पाण्यात विरघळणारा असतो, त्याला थोडा वेळ आणि ऊब मिळाली की तो पूर्ण उतरतो. कोरड्या काड्या थेट पातेल्यात टाकल्या तर निम्म्या नुसत्या तरंगत राहतात.

दूध आटलं की साखर घाला, आधी नको. सुरुवातीलाच साखर घातली तर बुडाला लागण्याचा धोका वाढतो, शिवाय आटताना गोडी वाढत जाते आणि शेवटी किती गोड होणार याचा अंदाज राहत नाही. साखर घातल्यावर दूध अचानक पातळ वाटेल. घाबरू नका, साखर विरघळताना तसं होतंच. आणखी पाच-सात मिनिटं तसंच मंद आचेवर ठेवा. आधी १२५ ग्रॅम घालून चाखा. गरम दूध गारपेक्षा जास्त गोड लागतं, तेव्हा थंड करून देणार असाल तर उरलेली २५ ग्रॅम घाला, गरमच देणार असाल तर थांबा. कुणाला साखर वर्ज्य असेल तर त्यांचे पेले साखरेआधीच काढून ठेवा. नुसतं आटवलेलं म्हशीचं दूधही मुळात गोडसर असतं, वेलदोडा-केशर घातलं की त्यात उणीव वाटत नाही.

साखर विरघळली की मेवा-वेलदोड्याची पूड घाला, चारोळी घाला, भिजवलेलं केशर वाटी विसळून घाला. एकच उकळी. गॅस बंद. मग जायफळ किसा, ढवळा आणि झाकण ठेवा. वेलदोडा आणि जायफळ या दोघांचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलांत असतो. पातेल्यात वीस मिनिटं उकळत ठेवलेला मसाला घरभर दरवळतो आणि पेल्यात काही उरत नाही. झाकणाखाली दहा मिनिटं मुरलं की मेव्याची पूड फुगते आणि दूध आणखी थोडं दाट होतं. बदाम-पिस्त्याचे काप वाढताना वरून.

गुळाचं करायचं असेल, आणि आपल्याकडच्या गुळाचा मोह पडणं साहजिक आहे, तर गूळ उकळत्या दुधात कधीही घालू नका. गुळात थोडी आम्लता असते आणि तापलेलं दूध तेवढ्यानेही फाटू शकतं. गॅस बंद करा, दूध बोट सोसवेल इतकं निवू द्या, मग बारीक किसलेला गूळ थोडा थोडा घालून ढवळा. त्यानंतर ते पुन्हा तापवायचं नाही. नवख्यांनी पहिल्या वर्षी साखरेचंच करावं, असं मी सांगेन.

बिघडलं तर

दूध लागल्याचा वास आला तर पहिली आज्ञा: तळ खरवडू नका. सगळ्यांचा हात नेमका तिथेच जातो. आच बंद करा, वरचं दूध हलक्या हाताने दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओता, शेवटचा पेलाभर दूध आणि तळाची खरवड पहिल्या भांड्यातच राहू द्या. ओतलेलं दूध चाखून बघा. त्यात जळका वास आला नसेल तर काम पुढे चालू ठेवा. आला असेल तर मात्र कितीही वेलदोडे घातले तरी तो झाकला जात नाही.

दूध फाटलं तर ते परत जुळत नाही. फाटलेलं दूध कपड्यातून गाळा, मिळालेल्या छन्यात साखर आणि तोच मसाला घालून मंद आचेवर परता. चांगला गोड पदार्थ होतो. पण त्यासाठी दूध ताजं असून फाटलेलं हवं. आंबूस, घाण वास येत असेल तर टाकून द्या. शंका असेल तर आटवायला घेण्याआधी पळीभर दूध छोट्या भांड्यात उकळून बघा. फाटायचं असेल तर तिथेच फाटेल.

गच्चीवर

पूजा लक्ष्मीची आणि इंद्राची. नैवेद्याला दूध, पोहे आणि नारळाचं पाणी. बऱ्याच घरांत या दिवशी थोरल्या मुलाला किंवा मुलीला ओवाळतात, त्याला आश्विनी म्हणतात. सगळं पातेलं चांदण्यात उघडं ठेवायची गरज नाही. पसरट परातीत किंवा वाडग्यात दोन-तीन पेले दूध घ्या, चंद्राचं बिंब त्यात दिसेल अशी जागा बघा, वर पातळ मलमलचा कपडा बांधा आणि बाकीचं पातेलं झाकून आत ठेवा. परतीचा पाऊस गेला की दिव्याभोवतीचे किडे दुधाकडेही येतात, म्हणून गच्चीवरचा दिवाही मालवा. टिळकवाडीसारख्या भागात आता शेजारच्या इमारतींची सावली पडते, तेव्हा नऊ वाजताच एकदा वर जाऊन चंद्र कुठून येतो ते बघून ठेवा. आभाळ भरलेलं असेल तर वाडगं खिडकीत ठेवतात, तेही चालतं. २०२३ मध्ये २८ ऑक्टोबरच्या कोजागिरीला खंडग्रास चंद्रग्रहण होतं, तेव्हा ग्रहण पाळणाऱ्या अनेक घरांनी दूध चांदण्यात ठेवलं नाही. तेव्हा कॅलेंडरही एकदा बघा.

बाहेर ठेवलेलं दूध तास-दीड तासात आत आणा, एक उकळी द्या आणि मग वाटा.

खाण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे अशा रात्री भडंग, भजी, कधी मिसळ असतेच. ते सगळं आधी होऊ द्या. लिंबू पिळलेलं काही खाऊन लगेच वर दूध नको. मध्ये अर्धा तास गाण्यांच्या भेंड्यांत सहज जातो. दूध गरम द्या, लहान पेल्यांत द्या, आणि वाढताना प्रत्येक वेळी पळीने तळापासून ढवळा, नाहीतर पहिल्या पाच जणांना नुसतं दूध आणि शेवटच्या दोघांना मेव्याचा गाळ मिळतो. सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेलं कुणी असेल तर आधी विचारून घ्या आणि त्यांच्यासाठी पूड घालण्यापूर्वीच, वेगळ्या पळीने, दूध काढा.

गल्लीसाठी किंवा मंडळासाठी

दहा लिटर दूध एकाच पातेल्यात आटवायला घेऊ नका. पाच-पाच लिटरची दोन भांडी, दोन शेगड्या, दोन माणसं. एका मोठ्या भांड्यात पृष्ठभाग कमी पडतो, वेळ दोन तासांच्या पुढे जातो आणि ढवळणाऱ्याचा हात भरून आला की दूध लागतं. साखर आणि मेवा दुधाच्या प्रमाणात वाढवा. वेलदोडा थोडा कमी प्रमाणात, पन्नासेक पुरे. जायफळ मात्र पाचपट करू नका. अडीच-तीनपट घालून चाखा आणि मग ठरवा. साखर घालण्याचं काम एकाच माणसाकडे सोपवा. चार जणांनी चार वेळा चाखून "थोडी कमी वाटते की" म्हणत घातलेली साखर शेवटी पाकासारखी होते.

दूध उरलं तर रात्रीच गार करून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी त्यात भाजलेल्या शेवया घातल्या की खीर तयार, वेगळी साखरही लागत नाही. कोरडा मसाला उरला असेल तर डबी फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर ठेवलात तर मेवा खवट होतो. दिवाळी दोन आठवड्यांवर असते. करंजीच्या सारणात तो चांगला खपतो.